भरतीत कटलात? आधी घोडं कुठं पेंड खातंय ते बघा

बेळगावात लष्कराच्या मराठा लाइट इन्फंट्री या पलटणीचं केंद्र आहे. त्यामुळे खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही गावात पहाटे चार-पाच पोरं सैन्य भरतीसाठी रस्त्यावर धावताना दिसतात. त्यातली बरीचशी एकदा तरी कटतात, म्हणजे भरतीतून बाद होतात. अडचण अशी की ‘कटला’ हा शब्द एकच असला तरी कटायच्या जागा अनेक आहेत: ऑनलाइन परीक्षा, धावणं, पुल-अप्स, नऊ फुटी खड्ड्यावरची उडी, कागदपत्रं, मेडिकल. नेमकी जागा कळली नाही तर पोरगा सरसकट एकच निष्कर्ष काढतो, ‘आपल्यात दम नाही.’ मग पुढचे सहा महिने तो चुकीच्या गोष्टीवर घाम गाळतो.

पहिले दोन दिवस: वही

घरी आल्यावर दोन दिवसांच्या आत शंभर पानी वहीत लिहून काढा. आठवडा गेला की आठवणीत आकडे राहत नाहीत, नुसता राग राहतो. एका पानावर चार रकाने आखा: काय झालं, आकडा किती, माझ्या हातात होतं का, कुठल्या तारखेपर्यंत काय करणार. प्रत्येक फेरीचा वेळ, आदल्या रात्रीची झोप किती तास, शेवटचं जेवण कधी, बूट किती महिन्यांचे, ऊन होतं की चिखल, अधिकारी नेमकं काय म्हणाले, हातात कुठला कागद दिला, हे सगळं लिहा. ‘नशीब’, ‘वशिला’, ‘मी बिनकामाचा’ असे शब्द आले तर त्यावर काट मारा. ज्या ओळीला आकडा नाही, त्या ओळीवर कामही करता येत नाही.

याच दोन दिवसांत गावाला द्यायचं उत्तरही ठरवून टाका. कट्ट्यावर ‘काय झालं रे भरतीचं? ह्यावेळी बी नाही व्हय?’ हे विचारलं जाणारच. ‘आठ सेकंदांनी गेलं काका, पुढच्या खेपेची तयारी चालू हाय’ एवढं एक वाक्य पुरे. दहा जणांना दहा प्रकारे खुलासा देत बसलात की प्रत्येक वेळी तुम्ही नव्याने कटता. घरात मात्र वही उघडून दाखवा. आई-वडिलांना आकडे कळोत न कळोत, पोरगा हातपाय गाळून बसलेला नाही हे त्यांना दिसतं.

धावण्यात गेलं असेल तर

अग्निवीर मेळाव्यात, म्हणजे सैन्य भरतीच्या मैदानी चाचणीत, 1.6 किलोमीटर धावायचं असतं. 400 मीटरच्या ट्रॅकवर त्या चार फेऱ्या होतात. 5 मिनिटं 30 सेकंदांच्या आत आलात तर 60 गुण, 5:31 ते 5:45 मध्ये आलात तर 48. साडेपाच मिनिटं म्हणजे एका फेरीला सरासरी साडेब्याऐंशी सेकंद. महिला सैनिकी पोलीस भरतीत पहिल्या गटाची वेळ 7:30 आहे, म्हणजे फेरीला एकशे साडेबारा सेकंद. रीत दोघांनाही तीच.

नेहमीचा घोळ असा असतो: फेऱ्यांच्या वेळा 74, 82, 90, 92. बेरीज 5:38. गर्दीत मागे पडायच्या भीतीने पहिली फेरी उधळून धावली, तिसरीत पाय दगड झाले. सुरुवातीला ताकदीबाहेर पळालं की स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही, धाप लागते आणि वाचवलेले आठ सेकंद शेवटी दामदुपटीने फेडावे लागतात. पहिल्या शंभर मीटरमध्ये कोंडीतून बाहेर पडण्यापुरता जोर लावा, मग लगेच आपल्या चालीवर या. अर्धी फेरी, म्हणजे 200 मीटर, 41 सेकंदांत झाली पाहिजे. ही चाल अंगात मुरेपर्यंत घड्याळ लावून सराव करा.

दुसरी चूक आणखी मोठी: रोज पहाटे पूर्ण 1600 वेळ लावून धावणं. थकलेल्या पायांनी वेळ सुधारत नाही, आणि पोरगा रोज सकाळी स्वतःलाच नापासाचा दाखला देतो. आत्मविश्वास खचतो तो बहुतेक इथंच, मेळाव्यात नव्हे. पूर्ण चाचणी तीन आठवड्यांतून एकदाच, रविवारी.

आठवडा साधारण असा लावा. सोमवार आणि गुरुवारी 5 किलोमीटर सावकाश, सोबत्याशी बोलता येईल इतकंच. मंगळवारी 400 मीटर सहा वेळा, मध्ये दोन मिनिटं चालणं. शुक्रवारी 200 मीटर आठ वेळा, मध्ये दीड मिनिट. बुधवार, शनिवार पायांना सुट्टी, हातांचं काम. चाचणी नसलेल्या रविवारी 7 किलोमीटर आरामात. मंगळवारची चाल कशी ठरवायची? मागच्या चाचणीतली सरासरी फेरी घ्या आणि त्यातून तीन-चार सेकंद वजा करा. 6:20 ला येणाऱ्याची सरासरी 95 असते, त्याने 91-92 ने सुरुवात करावी. त्याने थेट 82 धरली तर तिसऱ्या वेळेलाच बसेल. सहाच्या सहा फेऱ्या ठरल्या वेळेत आल्या की पुढच्या पंधरवड्यात आणखी दोन सेकंद कमी करा.

मैदान टेपने मोजून घ्या. शाळेचं मैदान बहुधा 400 मीटरचं नसतंच, आणि मोबाइलवरचं अंतर छोट्या गोलात चुकतं. ऊस तोडणीच्या दिवसांत पहाटेच्या डांबरी रस्त्याचा नाद सोडा. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर अंधारात विनादिवा येतात. दुसरा रस्ताच नसेल तर वाहनांना तोंड करून धावा, पाठीवर आणि दंडावर चमकणारी पट्टी लावा. खानापूरकडच्या पावसाळ्यात मैदानावर निसरडं होतं. तेव्हा शाळेच्या किंवा देवळाच्या पायऱ्या, बैठका आणि जागेवर गुडघे उचलून धावणं यावर दोन महिने काढता येतात. नडगीच्या आतल्या कडेला लांबट दुखत असेल तर आठवडाभर धावणं निम्म्यावर आणा, बूट तपासा. मात्र बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला चीर असू शकते. धावणं बंद करा आणि डॉक्टरला दाखवा. तेल चोळून ते जात नाही.

गुणांचा हिशोब

दहा पुल-अप्सना 40 गुण, सहांना फक्त 16. आता बघा: 5:44 ला येऊन दहा मारणाऱ्याचे 88 होतात, 5:30 ला येऊन सहा मारणाऱ्याचे 76. वर्षभर नुसतं धावणाऱ्याने हे गणित भिंतीवर लिहावं. सहाचे दहा करायचे तर दिवसाआड हे करा: स्टुलावरून हनुवटी बारच्या वर न्या आणि पाच सेकंद मोजत खाली उतरा, पाच वेळा, तीन खेपा. मोजायला कडक सोबती ठेवा. हात पूर्ण सरळ झाले नाहीत किंवा झोका घेतला, तर तो मोजायचा नाही. गावात बारा आणि मेळाव्यात सात निघतात ते सैल मोजणीमुळे.

परीक्षेत गेलं असेल तर

2023 पासून आधी ऑनलाइन परीक्षा, मग मेळावा. जनरल ड्यूटीला, म्हणजे सर्वसाधारण सैनिक पदाला, 50 प्रश्न, एक तास, बरोबरला 2 गुण, चुकीला अर्धा वजा. 2025 ला ही परीक्षा मराठी आणि कन्नडसह 13 भाषांत झाली. त्यामुळे अर्ज भरताना भाषेच्या रकान्याकडे नीट बघा. मराठी माध्यमातला पोरगा नेट सेंटरवाल्याच्या घाईत दुसरीच भाषा निवडून बसला की विज्ञानाचे शब्दच कळत नाहीत.

सराव पेपर सोडवल्यावर चुकलेल्या प्रश्नांपुढे तीनपैकी एक खूण करा: येत नव्हतं, येत होतं पण वाचण्यात चुकलं, वेळ पुरला नाही. पहिल्यासाठी पुस्तक लागतं, दुसऱ्यासाठी प्रश्नातल्या ‘नाही’, ‘सर्वात कमी’ अशा शब्दांखाली बोट धरायची सवय, तिसऱ्यासाठी घड्याळ. तिन्हीला ‘अभ्यास कमी पडला’ म्हणून मोकळं होऊ नका. चारपैकी एक पर्याय जरी खात्रीने बाद करता आला, तरी उत्तर देण्यात फायदा आहे. डोळे मिटून मारलेल्या बाणात फायदा नाममात्र.

मेडिकल

कानातला मळ, किडलेले दात, कमी वजन ही कारणं मेळाव्याआधी तीन महिने सरकारी दवाखान्यात दाखवून मिटवता येतात. रंग ओळखण्यातला दोष मात्र कशानेच जात नाही. तिथं वर्षं घालवू नका. फेरतपासणीचा कागद मिळाला असेल तर त्यावरची मुदत आधी वाचा. घरी येऊन चार दिवस तोंड लपवण्यात बऱ्याच जणांची ती मुदत टळते.

दुसरी वाट आणि सापळे

वय कुणासाठी थांबत नाही. पहिल्या अपयशानंतरच दुसरा अर्ज तयार ठेवा. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या जनरल ड्यूटी शिपाई भरतीत पुरुषांना 5 किलोमीटर 24 मिनिटांत धावायचं असतं, म्हणजे किलोमीटरला 4:48. चाल संथ, पण दम वेगळा लागतो. रविवारचं लांब धावणं तिथं कामी येतं. कर्नाटक पोलीस शिपायाला 1600 मीटर साडेसहा मिनिटांत. तिथं आपल्या पोरांचा पाय अडतो तो कन्नडमुळे. रोज कन्नड पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचा, बसमध्ये तिकीट कन्नडमध्ये मागा. कुणी हसलं तर हसू द्या, तिकीट तर मिळतंच.

कटल्यानंतरच्या महिन्यात ‘काम करून देतो’ म्हणणारा कुणीतरी घरी येतोच. त्याला पैसे नाहीत आणि मूळ मार्कलिस्ट तर अजिबात नाही.

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ नाही असं मनात येतंय, तर हा वहीचा विषय उरला नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 वर फोन करा. तो फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो. सोबतीच्या पोराचं तसं दिसलं तर त्याला एकटं सोडू नका, फोन तुम्हीच लावून द्या.

पुढच्या मेळाव्याआधीच्या दहा दिवसांत नवे बूट, नवा आहार, नवी गोळी काहीही नको. शेवटची पूर्ण चाचणी दहा दिवस आधी, त्यानंतर रोज निम्मंच धावणं. आदल्या रात्री नेहमीची भाकरी-भाजी, पहाटे एखादं केळं आणि दोन घोट पाणी. बॅगेत कागदपत्रांच्या वर ती वही असू द्या. रांगेत तास-दोन तास बसावं लागतं, तेव्हा मागच्या सहा महिन्यांतले मंगळवारचे आकडे वाचत बसा.