दाबाखालील पाइपच्या भिंतीतील प्रतिबल कसे काढावे

पाइपमधील द्रवाचा दाब सर्व दिशांना सारखाच असतो, परंतु त्यामुळे भिंतीत निर्माण होणारे प्रतिबल, म्हणजे धातूच्या दर एकक क्षेत्रफळावर येणारे अंतर्गत बल, मात्र सर्व दिशांना सारखे नसते. म्हणून आकडेमोडीला बसण्यापूर्वी आपण कोणत्या दिशेचे प्रतिबल शोधत आहोत, हे निश्चित करावे. सूत्र पाठ करण्यापेक्षा पाइप मनातल्या मनात कापून पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

प्रथम पाइप लांबीच्या दिशेने उभा चिरला आहे, अशी कल्पना करा. दोन्ही अर्ध्या भागांना दूर ढकलणारे बल म्हणजे दाब × आतील व्यास × लांबी, आणि त्याला धरून ठेवणारे क्षेत्र म्हणजे भिंतीच्या दोन कडा, म्हणजेच २ × जाडी × लांबी. यावरून परिघीय प्रतिबल, ज्याला कारखान्यात हूप स्ट्रेस म्हणतात, दाब × व्यास ÷ (२ × जाडी) इतके येते. आता तोच पाइप आडवा कापला आणि त्याची टोके बंद आहेत असे मानले, तर अक्षीय, म्हणजे लांबीच्या दिशेचे, प्रतिबल दाब × व्यास ÷ (४ × जाडी), म्हणजे बरोबर निम्मे मिळते. केवळ दाब वाढून फुटलेला पाइप सहसा लांबीच्या दिशेने उभा फाटतो, तो याच कारणाने.

उदाहरणादाखल २०० मिमी आतील व्यास, ५ मिमी जाडी आणि ४ मेगापास्कल, म्हणजे ४० बार दाब असलेला पोलादी पाइप घेऊ. परिघीय प्रतिबल ८० आणि अक्षीय ४० मेगापास्कल येते. येथे जाडी कागदावरची न धरता कमीत कमी संभवणारी धरावी, हा माझा आग्रह आहे. सीमलेस, म्हणजे विनाजोड, पाइपच्या प्रचलित मानकांत जाडी १२.५ टक्क्यांपर्यंत कमी असणे मान्य आहे. म्हणजे ५ मिमीचा पाइप ४.३७५ मिमी भरू शकतो आणि ८० चे ९१ होतात. गंजासाठी ठेवायची जाडी त्यातूनही वजा करावी लागते.

व्यास जाडीच्या सुमारे २० पटींहून कमी असेल, तर ही सूत्रे पुरेशी नाहीत. त्याच पाइपची जाडी ५० मिमी केली, तर वरील सूत्र ८ मेगापास्कल सांगते. परंतु जाड भिंतीसाठी असलेल्या लामेच्या समीकरणानुसार आतील पृष्ठभागावर १०.४ आणि बाहेरील पृष्ठभागावर ६.४ मेगापास्कल प्रतिबल असते. सर्वाधिक भार आतील थरावरच पडतो आणि सरासरी आकड्यात तो दिसत नाही.

मात्र सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते टोकांच्या स्थितीकडे. मूळचा ५ मिमीचा पाइप दोन्ही बाजूंना पक्का जखडलेला असेल, तर अक्षीय प्रतिबल ४० राहत नाही. दाबाने पाइप फुगताना तो लांबीत आखडू पाहतो. जखडल्यामुळे तसे होता येत नाही आणि पॉयसाँ गुणोत्तर, म्हणजे एका दिशेने ताणल्यावर धातू आडव्या दिशेने किती आखडतो त्याचे प्रमाण, ०.३ धरल्यास ०.३ × ८० = २४ मेगापास्कल ताण निर्माण होतो. त्यातच तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढले, तर पोलादासाठी स्थितिस्थापकता गुणांक × प्रसरण गुणांक × तापमानवाढ, म्हणजे २,००,००० × ०.००००१२ × ३० = ७२ मेगापास्कल संपीडन (दाबले जाण्याचे प्रतिबल, म्हणून उणे) येते. बेरीज होते उणे ४८.

हे उणे चिन्ह विसरू नका. वेगवेगळ्या दिशांची प्रतिबले एकत्र करून एकच समतुल्य आकडा देणाऱ्या व्हॉन मिझेस निकषानुसार मोकळ्या, बंद टोकांच्या पाइपचे समतुल्य प्रतिबल सुमारे ६९ मेगापास्कल येते, तर जखडलेल्या पाइपचे ११२, कारण एका दिशेने ताण आणि दुसऱ्या दिशेने संपीडन असल्यास धातू लवकर शरण जातो, म्हणजे त्याचा आकार कायमचा बदलू लागतो. दाब तोच, जाडीही तीच. अशा वेळी जाडी वाढवून ते ७२ मेगापास्कल कमी होत नाहीत, कारण तापमानामुळे येणाऱ्या प्रतिबलाच्या सूत्रात जाडी नाहीच. त्यासाठी पाइपच्या मार्गात प्रसरण लूप (पाइपला दिलेले वळण) किंवा बेलोज (घड्यांचा लवचीक जोड) देऊन त्याला सरकायला जागा करून द्यावी लागते.