फेकीचा सराव: सलग नको, मिसळून करा

१० मीटरवरून २० फेकी, मग १५ वरून २०, मग २० वरून २०. नेम धरून चेंडू फेकण्याचा सराव बहुतेक ठिकाणी असाच चालतो. त्या दिवशी नेम झकास बसतो, दोन दिवसांनी पहिल्याच फेकी भरकटतात. सलग फेकताना पाचवी-सहावी फेक खेळाडू नव्याने आखतच नाही. आधीची आखूड पडली म्हणून थोडा जोर वाढवतो, एवढंच. सामन्यात ही आधीची फेक हाताशी नसते.

केर आणि बूथ यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठ वर्षांच्या मुलांच्या एका गटाने दाण्यांची पिशवी फक्त ३ फुटांवर फेकण्याचा सराव केला, दुसऱ्याने २ आणि ४ फुटांवर. चाचणी ३ फुटांवर झाली आणि दुसरा गट सरस ठरला.

म्हणून ३६ फेकी घ्या, प्रत्येक अंतराच्या १२. क्रम आदल्या दिवशीच कागदावर लिहा. तेच अंतर लागोपाठ दोनदापेक्षा जास्त नको. फेक झाली की रेषेवरून बाजूला व्हा, चेंडूची पकड सोडून पुन्हा धरा, लक्ष्याकडे बघा, मग फेका. मधे २०-३० सेकंद जाऊ द्या. घाई केली की मिसळण्याचा फायदाच उरत नाही. प्रशिक्षकाने प्रत्येक फेकीनंतर बोलू नये. चार फेकी झाल्यावर आधी खेळाडूला विचारावं, ‘काय चुकलं?’

अगदी नवख्याला मात्र हे लगेच देऊ नका. कोपर खांद्याखाली पडत असेल, पुढचा पाय लक्ष्याकडे वळत नसेल, तर आधी एकाच अंतरावरून १०-१५ सलग फेकी द्या. आठवण न करून देता पाय नीट पडू लागले की दोन अंतरं मिसळा, नंतर तिसरं.

सुरुवातीला गुण हमखास घसरतात आणि नेमके तेव्हाच घाबरून लोक सलग सरावाकडे वळतात. सरावातले गुण बघूच नका. दोन दिवसांनी खांदे मोकळे करून, नेमाची एकही चाचणी फेक न घेता सहा फेकी घ्या, प्रत्येक अंतराच्या दोन. वहीत तेवढेच गुण लिहा.

भालाफेकीत अंतरं बदलून उपयोग नाही. तिथे उभ्याने, तीन पावलांची आणि छोट्या धावेची फेक आलटून पालटून घ्या. आठवड्याच्या फेकी एका दिवसात न उरकता तीन दिवसांत वाटा. लक्षातही राहतं, खांद्यावरही एकदम ताण येत नाही.