जुन्या वस्तूंचा ऑनलाइन बाजार: स्वस्तातलं कसं शोधावं?

पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जो फिरला आहे त्याला हे सांगायला नको: पुसून-पासून, नीट मांडून ठेवलेल्या वस्तूचा भाव चढाच असतो. ऑनलाइनही तेच. स्वच्छ फोटो, अचूक नाव आणि मॉडेल नंबर असलेली जाहिरात सगळ्यांनाच सापडते आणि तासाभरात विकणाऱ्याच्या इनबॉक्समध्ये 'इज धिस स्टिल अवेलेबल'ची रांग लागते. अशा वेळी तो भाव कशाला कमी करेल? स्वस्तात हाती लागते ती धड न लिहिलेल्या जाहिरातीतली वस्तू. म्हणून वस्तूचं बरोबर नाव काय हे बाजूला ठेवा. विकणाऱ्याने ती काय नावाने टाकली असेल, याचा विचार करा.

आधी शब्दांची यादी

फोन हातात घेण्याआधी कागद घ्या. समजा, शिलाई मशीन हवी आहे. तुम्ही इंग्रजीत 'स्युइंग मशीन' टाइप करणार, तेही शुद्ध. आता कर्वेनगरातले एखादे काका डोळ्यांपुढे आणा. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेली मशीन एकदाची काढून टाकायचीच, असं त्यांनी ठरवलं आहे. ते 'स्विंग मशीन' लिहितात. हसू नका, ही चूक इतकी सर्रास दिसते की यादीत तिला वरचा नंबर द्यायला हवा. शेजारच्या काकू 'स्टिचिंग'मधला 'टी' गाळतात. कुणी रोमन लिपीत 'सिलाई मशीन' लिहितं, कुणी देवनागरीत 'शिलाई मशीन'. कुणी नुसतंच 'उषा' किंवा 'सिंगर' लिहून मोकळं होतं. आणि पायाने चालवायची जुनी मशीन असेल, तर तिच्या लोखंडी पायांमुळे आणि लाकडी फळीमुळे ती थेट फर्निचरमध्ये 'अँटिक टेबल' म्हणून बसलेली असते.

यातला प्रत्येक शब्द म्हणजे वेगळा शोध. हल्ली ॲपं थोडंफार स्पेलिंग सुधारून घेतात, पण देवनागरी, रोमन मराठी आणि इंग्रजी यांची सांगड घालणं त्यांना दरवेळी जमत नाही. तेवढ्याच फटीत आपलं काम होतं.

दुसरं उदाहरण पेटीचं. पुण्यात घरोघरी कुणीतरी गाणं शिकलेलं असतं, त्यामुळे पेट्या विकायला निघतातही. 'हार्मोनियम'च्या स्पेलिंगमध्ये 'ओ'च्या जागी 'ए' टाकून पाहा, 'बाजा' टाकून पाहा, मग 'पेटी'. 'पेटी' टाकलं की लोखंडी ट्रंकांचा आणि स्पीकरच्या खोक्यांचा ढीग समोर येईल. घाबरू नका, विभाग बदलून वाद्यांचा लावा. शब्द मोघम आणि विभाग नेमका, ही जोडी फार कामाची. याच्या उलटही करून पाहा: शब्द नेमका ठेवा आणि विभाग भलताच निवडा. विभाग चुकलेल्या जाहिराती फारसं कुणी पाहतच नाही.

फर्निचरला हे जास्तच लागू होतं. 'सागवानी' म्हणून टाकलेल्या टेबलाचा भाव सागवानीच असणार. 'जुनं लाकडी टेबल', 'ओल्ड वूडन' असं शोधा आणि फोटो मोठे करून लाकडाच्या रेषा बघा. मात्र जाहिरातीत शिसवी म्हटलेलं सगळंच शिसवी नसतं. बऱ्याचदा ते नुसतं काळं पॉलिश असतं.

मग चाळण्या (म्हणजे फिल्टर)

किंमत 'कमी ते जास्त' लावून शोधू नका. सुरुवातीची पानं एक रुपया, १२३ रुपये असल्या खोट्या किमतींनीच भरलेली असतात. त्यापेक्षा किमान आकडा टाका. हजारो रुपयांच्या वस्तूला किमान ५०० घातले तरी बराच कचरा गळतो. कमाल आकडा मात्र बजेटच्या थोडा वर ठेवा. घासाघीस होणार हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून तो आधीच वाढवून सांगतो. ५,००० पर्यंतच देणार असाल तर ६,००० पर्यंतच्या जाहिराती पाहा.

क्रम नेहमी 'नवीन आधी' असा लावा. चांगली वस्तू टिकत नाही, आणि महिनाभर पडून असलेल्या जाहिरातीत एक तर भाव अवाच्या सवा असतो, नाही तर वस्तू केव्हाच गेलेली असते. अधूनमधून तिसरंही कारण निघतं: शब्दच चुकल्याने ती कुणाला दिसलेली नसते. तेव्हा जुनी जाहिरात सापडली तर ती कुठल्या शब्दाने सापडली ते बघा. शुद्ध शब्दाने सापडली असेल तर सोडून द्या, चुकीच्या शब्दाने सापडली असेल तर लगेच मेसेज टाका.

चिन्हांबद्दल थोडक्यात. गुगलवर रोमन लिपीत 'साइट' लिहून कोलन आणि त्याला चिकटून संकेतस्थळाचा पत्ता दिला, की फक्त त्या संकेतस्थळावरचं दिसतं. अवतरणचिन्हांतले शब्द जसेच्या तसे शोधले जातात. नको असलेल्या शब्दाआधी उणे चिन्ह लावायचं. 'ईएमआय' किंवा 'शॉप' असे शब्द वगळले की बरेच डीलर बाजूला होतात. ईबे या परदेशी ऑनलाइन बाजारावरही उणे चालतं, शिवाय कंसात स्वल्पविराम देऊन लिहिलेल्या शब्दांपैकी कुठलाही एक असला तरी निकाल येतो. पण ईबेचं भारतातलं दुकान २०१८ मध्येच बंद झालं. जुनी लेन्स वगैरे परदेशातून मागवणार असाल तर पोस्टेज आणि कस्टम ड्यूटी धरून हिशेब करा. ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर या चिन्हांचा भरवसा धरू नका, तिथे चाळण्याच वापरा.

कुठे आणि केव्हा

ॲप तुमच्या जागेजवळचं आधी दाखवतं, पण तुम्हाला हवी ती वस्तू तुमच्या जवळ असेलच असं नाही. जुनं भक्कम लाकूड सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतल्या वाड्यांतून नि जुन्या फ्लॅटांतून निघतं. ऑफिसची खुर्ची, मॉनिटर, ट्रेडमिल हवं तर ठिकाण हिंजवडी, वाकड, बाणेर किंवा खराडी लावा. गाद्या आणि अभ्यासाची टेबलं विद्यार्थ्यांच्या वस्तीत मिळतात. ट्रेडमिल तर कपडे वाळत घालून घालून अगदी नव्यासारखी राहिलेली असते.

वेळही बघा. भाडेकरार बहुतेक ११ महिन्यांचे असतात आणि घरं महिनाअखेरीस रिकामी होतात. तेव्हा 'शिफ्टिंग', 'अर्जंट', 'रिलोकेटिंग', 'ट्रान्सफर' हे शब्द वस्तूच्या नावाशिवाय, नुसतेच शोधा. एप्रिल-मेमध्ये परीक्षा संपल्या की विद्यार्थी सामान काढतात आणि जून-जुलैत नव्यांची झुंबड उडून भाव चढतात. दसरा-दिवाळीला नवं घेणाऱ्यांचं जुनं बाहेर पडतं.

यादीतले जे शब्द उपयोगी ठरले ते सेव्ह करून अलर्ट लावून ठेवा, म्हणजे रोज डोळे फोडायला नकोत.

जाण्याआधी

जाहिरातीतला फोटो गुगल लेन्सला (फोटोवरून शोधणाऱ्या गुगलच्या सोयीला) द्या. वस्तूचं खरं मॉडेल कळतं आणि तोच फोटो भलत्याच शहराच्या जाहिरातीत दिसला तर फसवणूकही कळते. पुण्यात लष्कराची मोठी छावणी असल्याने 'पोस्टिंग आलंय, सामान काढतोय' हे खरंही असू शकतं, पण नेमकं हेच सोंग भामट्यांच्याही आवडीचं आहे. वस्तू पाहिल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका, मग समोरच्याने ओळखपत्राचा फोटो पाठवला तरी नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. 'रिफंड देतो, कोड स्कॅन करा' म्हणाला की फोन ठेवा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

मोठ्या वस्तूला भाव ठरवण्याआधी दोन प्रश्न विचारा: कितवा मजला, आणि सामानाला लिफ्ट वापरू देतात का? गोदरेजचं कपाट तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरवायचं तर हमाली आणि छोटा हत्तीचं भाडं मिळून कपाटाच्या किमतीशी बरोबरी करू शकतं. हा आकडा आधी काढून ठेवा आणि घासाघीस करताना तोच पुढे करा. 'काका, टेम्पोचे पैसे तेवढे सोडा' याला पुण्यातसुद्धा लोक कधीकधी हो म्हणतात.