‘श्रुती यावुदु?’ : गाणं शिकायला लागताना या चुका टाळा

गॅदरिंगला तबल्यावर बसलेल्या काकांनी आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या क्लासमधल्या मुलीला कन्नडमध्ये विचारलं, “श्रुती यावुदु?” म्हणजे श्रुती कुठली? पोरीनं परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं, लगेच म्हणाली, “बावीस.” काका हातोडी हातात धरून माझ्याकडे बघत बसले.

चूक दोघांचीही नव्हती. मराठी पुस्तकात श्रुती म्हणजे एका सप्तकातले सूक्ष्म नाद, आणि ते बावीस मानतात. कन्नड बोलणारा माणूस मात्र श्रुती म्हणतो तेव्हा त्याला तुमचा सा हवा असतो, म्हणजे आपण जिला पट्टी म्हणतो ती. उत्तर होतं ‘काळी पाच’, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी. बेळगावात गाणार असाल तर हे दोन्ही अर्थ डोक्यात हवेत. तसंच पेटीचं. आपली पेटी म्हणजे हार्मोनियम, पण ‘श्रुतीपेट्टिगे’ आणायला सांगितलं तर नुसता आधार-सूर देणारी पेटी हवी आहे असं समजा.

याहून घोटाळ्याचा शब्द ‘शुद्ध’. आपला भाग हिंदुस्थानी गाण्याचा. कुमार गंधर्व 1924 साली इथल्याच सुळेभावीत जन्मले, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूरचे. त्यामुळे घरात कन्नड बोला नाहीतर मराठी, यमन राग एकच. पण हल्ली पोरं मोबाईलवर बेंगळुरूकडचे कर्नाटक संगीताचे धडे बघतात. तिथे सुरुवातीचे पलटे, म्हणजे सरावाच्या स्वररचना, मायामाळवगौळ रागात, म्हणजे आपल्या भैरवाच्या स्वरांत असतात. त्यातल्या रिषभाला ते ‘शुद्ध रिषभ’ म्हणतात, धैवताला ‘शुद्ध धैवत’. आपल्याकडे तेच स्वर कोमल रे आणि कोमल ध! आपला शुद्ध रे त्यांच्याकडे ‘चतुःश्रुती रिषभ’. म्हणजे धडा ऐकून वहीत ‘रे शुद्ध, ध शुद्ध’ लिहिलंत आणि क्लासात तसंच गायलात, की भैरवाच्या स्वरांचा बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध स्वर असलेला राग झाला. व्हिडिओतल्या नावावर जाऊ नका, तो स्वर पेटीवर शोधा आणि मग आपलं नाव लिहा. रागांच्या नावांतही हेच आहे. त्यांचं मोहनम म्हणजे आपला भूप, त्यांचा हिंदोळम म्हणजे आपला मालकंस. आपला हिंडोल वेगळाच.

भैरवाचा बिलावल करायचा दुसरा मार्ग आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपनं शोधलाय. गाणं लिहायच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमावर उभी. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार, म्हणजे वरच्या सप्तकाला वर. कुणीतरी सरगम टाइप करून पाठवतं, रेघा आणि टिंबं वाटेत गळतात, आणि दहा जण चुकीचं पाठ करून येतात. सरगम टाइप करू नका, वहीच्या पानाचा फोटो पाठवा. फोटोतही रेघ दिसते का ते बघा, पेन्सिलीची असली तर दिसत नाही.

कोमल म्हणजे हळू आवाजात गायचा, असं समजणारी मुलं दर वर्षी दोन-तीन भेटतात. शब्दच तसा आहे, त्यांना हसू नये. कोमल म्हणजे स्वर आपल्या जागेवरून खाली उतरलेला, तीव्र म्हणजे वर चढलेला. रे, ग, ध, नि उतरतात, म चढतो, सा आणि प हलत नाहीत. सात शुद्ध आणि हे पाच मिळून बारा. आवाज लहान की मोठा याच्याशी काही संबंध नाही.

आता सा. पांढरी एकपासून सा धरायचा असा समज पेटी शिकणाऱ्यांत घट्ट बसलाय, कारण तिथून काळ्या पट्ट्या न लागता बिलावल वाजतो. बोटांना सोपं, गळ्याला नाही. खाली मंद्र पंचम स्पष्ट लागतो आणि वर तार गंधार ओरडल्याशिवाय लागतो, ती तुमची पट्टी. बायकांची बहुधा काळी चार-पाचच्या आसपास येते, पुरुषांची काळी एक-दोन. आवाज फुटायच्या वयातल्या मुलांची पट्टी दर दोन-चार महिन्यांनी पुन्हा बघा. तानपुऱ्याच्या बऱ्याच ॲपवर मात्र काळी-पांढरी नसते. काळी एक म्हणजे सी शार्प, चार म्हणजे जी शार्प, पाच म्हणजे ए शार्प.

तालात सगळ्यात जास्त मार्क जातात ते दुगुनीला. “दुगुन करून दाखव” म्हटलं की मुलं टाळीच दुप्पट जोरात पळवायला लागतात. हाताची लय तीच ठेवायची, दुप्पट होतात ते तोंडातले बोल. तीनतालाच्या सोळा मात्रांच्या एका आवर्तनात ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, दोनदा बसला पाहिजे. जमत नसेल तर आईला किंवा भावाला टाळी द्यायला बसवा आणि तुम्ही फक्त बोला. दोन दिवसांत जमतं. भजनात वाढलेल्या पोरांना हे लवकर कळतं, कारण तिथे टाळ एकाच्या हातात आणि अभंग दुसऱ्याच्या तोंडी असतो. सात मात्रांच्या रूपक तालाची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’ असते, म्हणजे तिथे हात नुसता हलवायचा, टाळी देऊ नका.

थाट आणि राग एक नव्हेत. थाट गात नाहीत, ती रागांची वर्गवारी. आणि राग नुसत्या स्वरांनी ठरत नाही. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच आहेत, पण भुपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, देशकारात धैवत. भूप गाताना धैवतावर रेंगाळलात की परीक्षक वर बघतात.

आणि मालकंसाला बसताना तानपुऱ्याच्या ॲपमधला पंचम तसाच चालू ठेवू नका. मालकंसात पंचम नाही. तानपुऱ्याची ती पंचमाची तार मध्यमावर लावा.