वाइन द्राक्षांसाठी जमीन कशी पारखावी: नाशिकच्या बसाल्टी मातीचा विचार

दिंडोरी किंवा निफाड तालुक्यात वाइन द्राक्षांची बाग लावायची असेल, तर कलमांची मागणी नोंदवण्यापूर्वी शेतात दोन-तीन ठिकाणी चार फूट खोल खड्डे घ्यावेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हारसाचा बसाल्ट खडक या भागाच्या पोटात आहे आणि मुरूम व काळी माती ही दोन्ही त्याच्याच झिजेतून तयार झाली आहेत. त्यामुळे एकाच गटात वरच्या अंगाला मुरमाड आणि ओढ्याकडे खोल काळी जमीन सापडू शकते.

खड्ड्याची कड नीट पाहावी. वर फूट-दीड फूट माती आणि खाली मुळे शिरतील असा भुसभुशीत मुरूम असेल, तर वाइनसाठी मी तीच जमीन निवडेन. खोल काळ्या मातीतील चिकणमाती पाण्याने फुगते, सुकल्यावर भेगाळते, आणि पाणी धरून ठेवत असल्याने वेलीची वाढ थांबत नाही. मग दाट पानोळ्याच्या (वेलीच्या पानांच्या छताच्या) सावलीत घड नीट पिकत नाहीत. खड्डा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले दिसले, तर निचऱ्याचे चर आणि उंच बोद (मातीचे लांब वरंबे) यांशिवाय तिथे लागवड करू नये.

खालच्या थरात पांढरे खडे दिसल्यास त्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत. फेस आला, तर ती चुनखडी समजावी. अशा जमिनीत लोह उपलब्ध होत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून माती परीक्षणात मुक्त चुन्याचे प्रमाण पाहूनच खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर द्राक्षाचे कलम बांधतात तो वेल, ठरवावा.

खुंटाच्या निवडीत आणखी एक बाब फार महत्त्वाची आहे, आणि ती खाण्याच्या द्राक्षांच्या सवयीमुळे हमखास नजरेआड होते. बसाल्टपासून बनलेल्या काळ्या जमिनींत पालाश (पोटॅशियम) बहुधा मुबलक असतो. वेलीने तो जास्त उचलला, की रसाचा सामू (पीएच) वाढतो, म्हणजे आंबटपणा घटतो, आणि वाइनचा ताजेपणा व टिकाऊपणा कमी होतो. डॉगरिज हा जोमदार खुंट पालाशही अधिक उचलतो, त्यामुळे वाइनसाठी ११० आर हा खुंट अधिक योग्य ठरतो. फुलोऱ्यात देठ परीक्षण (पानांच्या देठांतील अन्नद्रव्यांची तपासणी) केल्याशिवाय पालाशयुक्त खत देऊ नये.

मुरमाड जमिनीत ठिबकने थोडे थोडे पाणी वारंवार द्यावे. मणी धरल्यापासून त्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे ते मऊ पडू लागेपर्यंत, शिराझ या जातीला पाण्याचा सौम्य ताण मानवतो. सोव्हिन्यों ब्लां या जातीला मात्र तो बेतानेच द्यावा, कारण जास्त ताणात तिचा सुगंध उणावतो.