जुन्या कॉम्बॅट विमानाचा आराखडा पुन्हा बांधताना

दोन तारांच्या टोकाशी गोल फिरणारे मॉडेल विमान, त्याच्या मागे बांधलेली क्रेप कागदाची फीत आणि प्रतिस्पर्ध्याची फीत आपल्या प्रोपेलरने कापण्याची चढाओढ, हे कंट्रोल लाइन कॉम्बॅटचे स्वरूप 1950च्या दशकापासून फारसे बदललेले नाही; विमाने मात्र पार बदलली. रायली वूटन यांच्या ‘व्हूडू’सारख्या बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) फासळ्यांच्या विमानांची जागा पुढे फोमची लीडिंग एज (पंखाची पुढची कड) आणि प्लॅस्टिक फिल्म असलेल्या विमानांनी घेतली. असा जुना आराखडा आज बांधायला घेणाऱ्याने पंखाची बाह्यरेषा आणि छेद (पंख कापल्यावर बाजूने दिसणारा आकार) यांना हात लावू नये, आणि सुधारणेची हौस हातातल्या हँडलपासून एलेव्हेटरपर्यंतच्या (विमानाला वर-खाली वळवणाऱ्या मागच्या हलत्या फळीपर्यंतच्या) जोडणीत भागवावी.

सर्वप्रथम आराखड्याची प्रत तपासावी. वारंवार छायाप्रती काढलेला कागद एका दिशेने ताणलेला असू शकतो, म्हणून पंखाची लांबी आणि रुंदी ही दोन्ही मापे छापील आकड्यांशी ताडून पाहावीत.

यानंतरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वजनाचा. विमान किती लहान घेरात वळू शकेल हे मुख्यतः पंखाच्या दर एकक क्षेत्रफळावर किती वजन आहे यावर ठरते; वेग वाढला तरी तो किमान घेर जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे जुन्या सांगाड्यावर आधुनिक, जोरदार पण जड इंजिन बसवले, तर विमान वेगाने उडेल, पण वळणात हटकून मागे पडेल. भक्कमपणासाठी सगळीकडे जाड लाकूड वापरण्याचा मोह याच कारणासाठी टाळावा. स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य पट्टी) आणि लीडिंग एज यांना कडक बाल्सा द्यावा, फासळ्यांना आणि पंखाच्या टोकांना हलका. पंखाला पीळ राहू नये म्हणून तो सपाट फळीवरच जुळवावा आणि आवरण चढवल्यानंतर पुन्हा एकदा मागून डोळ्यांनी पारखावा.

बेलक्रँकच्या (तारांची ओढ एलेव्हेटरकडे पोचवणाऱ्या फिरत्या तरफेच्या) बाबतीत मात्र कंजुषी नको. 450 ग्रॅमचे विमान 16 मीटरच्या तारांवर ताशी 110 किलोमीटर वेगाने फिरत असेल, तर त्याची बाहेरची ओढ सुमारे 2.7 किलो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सहापट भरते, आणि तारा एकमेकींत गुंतल्यावर बसणारे हिसके याहून मोठे असतात. बेलक्रँकची प्लायवूडची पट्टी केवळ दोन फासळ्यांच्या मध्ये चिकटवलेली असेल, तर ती स्पारपर्यंत वाढवून एपॉक्सीने पक्की करावी आणि बोल्टला लॉकनट लावावा. विमान तयार झाल्यावर ते घट्ट धरून, स्प्रिंगच्या काट्याने तारांना निदान 10 किलोची ओढ देऊन पाहावी. स्पर्धेच्या नियमात याहून मोठा आकडा असेल तर तोच प्रमाण. या चाचणीत मोडणारे विमान हवेत मोडण्यापेक्षा बाकावर मोडलेले बरे.

इंधनाची टाकी हा जुन्या विमानांचा दुखरा भाग आहे. गोल फिरताना इंधन टाकीच्या बाहेरच्या बाजूला ढकलले जाते, म्हणून इंधन शोषणाऱ्या नळीचे तोंड बाहेरच्या मागील कोपऱ्यात असावे लागते. पत्र्याच्या टाकीऐवजी रबरी फुग्याची टाकी वापरल्यास तिच्या दाबामुळे उलटसुलट कोलांट्यांतही इंजिन एकसारखे चालते, परंतु तेव्हा नीडल व्हॉल्व्ह (इंधनाचा प्रवाह कमी-जास्त करणारी सुईची झडप) बारीक फिरवता येणारा हवा.

गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर विमान तोलून राहते तो) सुरुवातीला पंखाच्या सरासरी रुंदीच्या 15 टक्क्यांवर ठेवावा. 200 मिलिमीटर रुंदीच्या आयताकृती पंखात तो पुढच्या कडेपासून 30 मिलिमीटरवर येतो. तारा बाहेर पडण्याची जागा गुरुत्वमध्याच्या किंचित मागे ठेवावी, म्हणजे नाक जरासे वर्तुळाबाहेर राहते आणि तारा ताठ राहतात. बाहेरच्या पंखाच्या टोकाला थोडे वजन लागतेच, कारण आतल्या पंखाला तारांचा भार सोसावा लागतो.

पहिले उड्डाण मंद वाऱ्यात, विजेच्या तारांपासून दूरच्या मोकळ्या मैदानावर, हँडलचा पट्टा मनगटात अडकवूनच करावे. विमान वळायला आळशी वाटले तर गुरुत्वमध्य एका वेळी 3 मिलिमीटर मागे न्यावा, आणि सरळ उड्डाणात ते वरखाली उसळू लागले की गुरुत्वमध्य पुन्हा 3 मिलिमीटर पुढे आणून तिथेच थांबावे.