रॉक गाण्यांचा अर्थ लावताना या चुका टाळा

क्लासिक रॉक आणि हार्ड रॉकच्या गाण्यांवरून चाहत्यांमध्ये जे वाद होतात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ एकच असतं. गाण्यातला ‘मी’ म्हणजे गाणारा माणूसच, असं धरून चाललेलं असतं. मराठी माणसाने तरी ही चूक करू नये. ‘दादला नको गं बाई’ म्हणणारी ती बाई म्हणजे संत एकनाथ नव्हेत, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. भारुडात कुणीतरी सोंग घेऊन बोलतं आणि आपण त्या सोंगाचं बोलणं ऐकतो. इंग्रजी गाणं कानावर पडलं की मात्र हे भान सुटतं. मग ब्लॅक सॅबथ हा बँड सैतानाचा भक्त ठरतो आणि पिंक फ्लॉइड हा बँड नशेचा प्रचारक.

कोण बोलतंय, हे न पाहणं

पिंक फ्लॉइडचं ‘कम्फर्टेबली नम्ब’ घ्या. १९७९च्या ‘द वॉल’ या अल्बममधलं हे गाणं, रात्री दिवे मालवून, हेडफोन लावून ऐकायचं. डेव्हिड गिल्मोरच्या गिटारमुळे ते इतकं गोड वाटतं की त्यात दोन माणसांचा संवाद चाललाय, हेच निसटून जातं. कडवी रॉजर वॉटर्स गातो, तो डॉक्टर. आत कुणी आहे का, कुठे दुखतंय ते दाखव, फक्त एक सुई टोचतो, असं त्याचं चाललंय. ध्रुवपद गिल्मोर गातो, तो रोगी, म्हणजे अल्बमच्या कथेतला पिंक नावाचा गायक. तुमचे ओठ हलताना दिसतात पण शब्द पोचत नाहीत, लहानपणी ताप आला होता तेव्हा हात असेच फुग्यांसारखे वाटले होते, असं तो सांगतोय. दोघांचं एकमेकांशी बोलणं होतच नाही. गाण्याचं सगळं दुःख त्यात आहे.

आता सुईच्या जागेवर कान द्या. तिथे एक किंकाळी ऐकू येते. मग डॉक्टर विचारतो, उभा राहू शकशील का? औषध लागू पडतंय, शोपुरतं भागेल. म्हणजे पेशंट बरा व्हावा ही कुणाचीच इच्छा नाही, तो स्टेजवर उभा राहिला की झालं. १९७७ साली फिलाडेल्फियात शोच्या आधी पोटदुखीने हैराण झालेल्या वॉटर्सला असंच इंजेक्शन दिलं गेलं होतं. त्या अनुभवातून हे शब्द आले. त्यामुळे ‘नशेत किती छान वाटतं’ असा या गाण्याचा अर्थ सांगितलेला दिसला की वाईट वाटतं.

याच गाण्याने दुसरी चूकही लक्षात येते: अल्बममधून गाणं उचकटून ऐकणं. ‘द वॉल’मध्ये या इंजेक्शननंतर काय होतं? सुन्न केलेला तो गायक, पिंक, स्टेजवर जातो आणि हुकूमशहासारखा वागू लागतो, प्रेक्षकांतली नको असलेली माणसं हुडकून भिंतीला लावा म्हणतो. औषधाचा गुण तो हा. ‘अनदर ब्रिक इन द वॉल’च्या दुसऱ्या भागाचंही असंच झालंय. ‘शिक्षण नको’ एवढंच लोकांना आठवतं. पण अल्बममध्ये त्याच्या लगेच आधी मुलांचा पाणउतारा करणारे मास्तर येऊन जातात, आणि तक्रार त्यांच्याबद्दल आहे. १९८०मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी शिक्षणाविरुद्ध शाळांवर बहिष्कार टाकणाऱ्या मुलांनी हेच गाणं हाती घेतलं आणि सरकारने त्यावर बंदी घातली. त्या मुलांना अर्थ बरोबर कळला होता.

चाल बदलते तिकडे दुर्लक्ष

आयर्न मेडनच्या ‘रन टू द हिल्स’मध्ये (१९८२) बोलणारा मध्येच बदलतो. पहिलं कडवं अमेरिकेतल्या मूळ रहिवाशाचं आहे: गोरा माणूस समुद्र ओलांडून आला, आमच्या माणसांना मारलं. त्याची चाल दमदार पण संथ. पुढच्या कडव्याला संगीत एकदम घोड्याच्या टापांसारखं उधळतं, आणि आता बोलतोय पाठलाग करणारा सैनिक. मूळ रहिवाशांसाठी अपमानास्पद शब्द येतो तो याच्या तोंडी. शब्द फक्त वाचले तर हा बदल पटकन कळत नाही आणि बँडच शिवी देतोय असं वाटतं. ऐकताना बँडमधल्या स्टीव्ह हॅरिसची बास गिटार सांगते की माणूस बदलला. म्हणून नुसत्या छापील शब्दांवरून अर्थ लावायला बसू नये. मेटॅलिकाच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’मध्ये (१९८६) तर खुद्द अमली पदार्थच ‘मी तुझा मालक’ म्हणून बोलतो.

ध्रुवपदावरच थांबणं

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ब्रूस स्प्रिंगस्टीनचं ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ (१९८४). मुठी आवळून ओरडावं असं ध्रुवपद आहे, म्हणून ते देशभक्तीचं गाणं समजलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीतल्या हॅमंटन इथल्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेचा गौरवाने उल्लेख केला. कडव्यांत काय आहे? छोट्या गावातला मुलगा, हातात बंदूक देऊन व्हिएतनामला धाडलेला. परत आल्यावर रिफायनरीत काम नाही, माजी सैनिकांच्या कार्यालयात दाद नाही, व्हिएतनाममधल्या खे सान्हच्या लढाईत गेलेला भाऊ परतलेला नाही. दहा वर्षांनंतर तो म्हणतो, जायला कुठे जागाच नाही.

याच्या उलट टोकाची चूकही टाळायला हवी. ‘हे देशविरोधी गाणं आहे’ हेही खरं नाही. ध्रुवपदातला अभिमान खोटा नाही. ‘मी इथलाच आहे, मग माझ्या वाट्याला हे का?’ असा तो सवाल आहे, आणि अभिमान नसता तर सवालाला धारच आली नसती. शंका असेल तर स्प्रिंगस्टीनने १९८२मध्ये एकट्याने गिटारवर केलेलं याच गाण्याचं ध्वनिमुद्रण ऐका, ते १९९८मध्ये बाहेर आलं. शब्द जवळपास तेच, पण तिथे कुणाला मिरवणूक आठवणार नाही.

द पोलीसचं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ (१९८३) लग्नात वाजवण्याआधी कडवी वाचा. दूर गेलेल्या बाईच्या प्रत्येक पावलावर नजर ठेवणारा माणूस त्यात बोलतोय.

गाणारा एक, लिहिणारा दुसरा

ब्लॅक सॅबथमध्ये ऑझी ऑसबर्न गायचा, पण शब्द बहुतेक बासवादक गीझर बटलरचे. ‘वॉर पिग्ज’मध्ये (१९७०) चेटकिणी आणि सैतान येतात म्हणून लोक दचकतात. नीट वाचलं तर चेटकिणींची उपमा दिलीय ती युद्ध पेटवून स्वतः मागे बसणाऱ्या सेनापतींना, आणि शेवटी न्यायाच्या दिवशी गुडघ्यांवर येऊन दया मागणारेही तेच. सैतान हसतो तो त्यांच्यावर. कीर्तनकाराने सांगावं इतकं नीतीचं गाणं आहे हे.

नसलेलं कोडं सोडवणं

डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’मधला धूर म्हणजे नशेचा धूर, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. हे गाणं म्हणजे सरळ वृत्तांत आहे. बँड स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला रेकॉर्डिंगसाठी आला होता. ४ डिसेंबर १९७१ रोजी तिथल्या कसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना कुणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा जाळ सोडणारी बंदूक) उडवली, आग लागली, कसिनो जळून गेला आणि धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला. गाण्यातला ‘फंकी क्लॉड’ म्हणजे मुलांना बाहेर काढणारे, माँत्रो जाझ महोत्सवाचे क्लॉड नॉब्स. शेवटी रोलिंग स्टोन्सची फिरती रेकॉर्डिंग गाडी वापरून रिकाम्या ग्रँड हॉटेलात काम पूर्ण झालं, हेसुद्धा गाण्यात आहे.

लेड झेपेलिनच्या ‘काश्मीर’मध्ये (१९७५) आपले लोक दल सरोवर शोधतात. बँडमधले जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेले होते, त्यामुळे हा मोह आणखी वाढतो. पण शब्द सुचले ते १९७३मध्ये, दक्षिण मोरोक्कोतल्या वाळवंटात संपता संपत नसलेल्या रस्त्यावरून प्लांट गाडीने जात असताना. शब्दांत ऊन आणि वाळू आहे, बर्फ नाही.

तबकडी उलटी फिरवून त्यांच्याच ‘स्टेअरवे टू हेवन’मध्ये सैतानी संदेश शोधण्याचा उद्योग १९८२मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाच्या समितीपर्यंत गेला होता. त्यावर वेळ घालवू नका.

चरित्रातून अर्थ ओढणं

क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पारशी घरातला, जन्म झांझिबारचा, शाळा आपल्या पाचगणीची. त्यामुळे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तलं (१९७५) ‘बिस्मिल्ला’ हा त्याच्या घरच्या धर्माचा शब्द, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. तो शब्द अरबी आहे, इस्लामी परंपरेतला. पारशी प्रार्थनेशी त्याचा संबंध नाही. त्या गाण्यातून फ्रेडीच्या खासगी आयुष्याची कबुली काढणारेही पुष्कळ आहेत. फ्रेडीने स्वतः त्याचा उलगडा केला नाही. शब्दांत दिसतं ते एवढं: आईशी बोलणारा एक मुलगा, त्याच्या हातून खून झालाय. मग ऑपेराच्या भागात दोन जमाव त्याच्यावरून भांडतात, एक म्हणतो सोडा, दुसरा म्हणतो सोडणार नाही, आणि ‘बिस्मिल्ला’ येतं ते न सोडणाऱ्यांच्या तोंडी. पुढच्या वेळी ऐकताना तेवढे दोन गट वेगळे करून पाहा.